सराईत गुन्हेगार आणि शिक्षेचा काळ

१

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीलगतच्या रस्त्यानें आम्हां नाशिककरांचें नित्य जाणें-येणें असतें. १९२७ सालीं उभारलेल्या ह्या तुरुंगाची मराठी वाचकाला ओळख आहे ती बहुधा एका पुस्तकामुळें. १९३३ सालीं येथें बंदिवासांत असतांना साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिलें. परंतु ह्याच भिंतींआडून पुढें आणखी एक लिखाण बाहेर पडलें. त्याला वाङ्मयीन मोल कांहींच नाहीं. पण देशांतील प्रत्येक जन्मठेपेच्या कैद्याचें आयुष्य त्यामुळें मोजलें गेलें आहे. तें लिखाण म्हणजे एका कैद्यानें सर्वोच्च न्यायालयाकडे केलेला अर्ज. आणि त्यांतील प्रश्न एवढाच कीं, न्यायाधीशानें ‘जन्मठेप’ हा शब्द उच्चारला म्हणजे नेमकीं किती वर्षें?

त्या अर्जाची हकीकत पुढें यथाक्रम येईल. येथें त्याच कारागृहाची अलीकडची एक घटना सांगितली पाहिजे. मुंबईंत २०१२ सालीं एका तरुण स्त्री-वकिलाचा तिच्या राहत्या घरांत खून झाला. मारेकऱ्याला २०१४ सालीं जन्मठेप झाली, आणि तो नाशिकरोडला आला. २०१६ सालीं आजारी आईला भेटण्याचें कारण सांगून तो पॅरोलवर बाहेर पडला तो परत आलाच नाहीं. पुढल्या वर्षीं काश्मीरांत पोलिसांनीं त्याला धरलें. मध्यंतरीं महाराष्ट्र शासनानें १९५९ सालच्या पॅरोल-फर्लोच्या नियमांत दुरुस्ती करून गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांच्या रजेवर अधिक कडक बंधनें घातलीं. त्या दिवसांत शहरांत ज्याच्या त्याच्या तोंडीं एकच वाक्य होतें: असल्या माणसाला बाहेर सोडतातच कां?

हा प्रश्न अडाणीपणाचा नाहीं. ज्या घरांतील लेक गेली, त्या घरानें न्यायालयाचा शब्द शब्दशः खरा मानला तर त्यांत त्याचा दोष काय? आणि जो मनुष्य एकदां हिंसा करून, शिक्षा भोगून, पुन्हां हिंसा करतो, त्याला अधिक काळ आंत ठेवावें, ही समाजाची इच्छाहि न्याय्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला येथें थबकावें लागतें. अशी इच्छा मनांत धरून केलेले कायदे आमच्या देशांत दीडशें वर्षांहून अधिक काळ होत आले आहेत. त्यांचा हिशेब मांडला म्हणजे दिसतें तें असें कीं, ज्याला धरावयाचें तो पुष्कळदां निसटला, आणि ज्याला धरावयाचें कारण नव्हतें तो सांपडला. असें कां झालें, हें पाहणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

आरंभ आमच्याच जिल्ह्यापासून करूं. सिन्नर तालुक्यांत नांदूर शिंगोटें हें गांव आहे. तेथला भागोजी नाईक हा भिल्ल पूर्वीं अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होता. १८५५ सालीं दंगा केला व पोलिसांना अडथळा केला ह्या आरोपांवरून त्याला कैद झाली. सुटल्यावर एक वर्षाच्या सद्वर्तनाबद्दल त्याजकडून जामीन घेण्यांत आला. ही मुदत सरून फार दिवस झाले नाहींत तोंच १८५७ सालीं लोकांचीं हत्यारें काढून घेण्याचा हुकूम सुटला. भागोजी गांव सोडून डोंगरांत शिरला. त्याच्यावर चालून आलेला लेफ्टनंट हेन्री हा पोलिस अधिकारी ४ ऑक्टोबर रोजीं चकमकींत मारला गेला. आणि १८५९ सालीं भागोजीहि लढतां लढतां पडला.

सरकारी दप्तराच्या दृष्टीनें पाहिलें तर हा सराईताचा नमुनाच म्हणावा लागेल. पूर्वीची शिक्षा आहे, जामीन आहे, आणि त्यानंतर पहिल्याहून भयंकर असा गुन्हा आहे. सिन्नरच्या डोंगरांतील लोकांच्या स्मरणांत मात्र तो परक्या सत्तेशीं झुंजलेला वीर म्हणून राहिला. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत. दप्तराला गुन्ह्यांची संख्या कळते. गुन्ह्यामागील कारण त्याच्या रकान्यांत बसत नाहीं. ही उणीव पुढील सर्व कायद्यांत दिसून येईल, म्हणून ती येथेंच लक्षांत ठेवावी.

भागोजी पडला त्याच्या पुढल्याच वर्षीं, १८६० सालीं, भारतीय दंडविधान मंजूर झालें. मेकॉलेच्या आयोगानें त्याचा मसुदा १८३७ सालींच सिद्ध केला होता. प्रत्यक्ष अंमल १ जानेवारी १८६२ पासून झाला. पुनःपुन्हां गुन्हा करणाराची शिक्षा वाढविणारें कलम त्यांत आहे, तें ७५ वें. पुढील दुरुस्त्यांनंतर त्याचा आशय थोडक्यांत असा: नाण्यांविषयींच्या अगर मालमत्तेविरुद्धच्या ज्या गुन्ह्यास तीन वर्षें वा अधिक कैद सांगितली आहे, असा गुन्हा शाबीत झालेल्या मनुष्यानें पुन्हां त्याच जातीचा गुन्हा केला, तर त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद देतां येईल.

हें कलम वाचतांना एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. दंडविधानांत मनुष्याच्या शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत खून, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण हे सारे येतात. पण त्या प्रकरणाला ७५ वें कलम लागूच नाहीं! दरोडा व जबरी चोरी हे हिंसेचे गुन्हे खरे. परंतु ते कलमाच्या कक्षेंत येतात ते मालमत्तेच्या प्रकरणांत पडतात म्हणून. तेव्हां दोनदां दुसऱ्याचीं भांडीं चोरणारा मनुष्य ह्या कलमाखालीं वाढीव शिक्षेस पात्र होतो. दोनदां बायकोचीं हाडें मोडणारा नवरा होत नाहीं. व्यापारी राज्यकर्त्यांना नाण्याची व मालाची धास्ती अधिक वाटावी ह्यांत नवल नाहीं. नवल हें आहे कीं, भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलांत आली, तिच्या १३ व्या कलमांतहि हीच दोन प्रकरणें जशींच्या तशीं उतरलीं आहेत. मधल्या काळांत राज्य बदललें, राज्यघटना आली. हा रकाना मात्र हलला नाहीं.

१८६४ सालच्या फटक्यांच्या कायद्यानें दुसऱ्या खेपेच्या चोराला कैदेशिवाय फटकेहि देण्याची सोय केली. ती १९५५ सालापर्यंत टिकली. ह्याच काळांत एक चांगली गोष्टहि घडली, तिची नोंद करणें न्यायाचें होईल. आरोपीस पूर्वीं शिक्षा झाली होती, हें नव्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत न्यायाधीशापुढें वाचूं नये, असा दंडक फौजदारी कामाच्या संहितेंत घालण्यांत आला, आणि तो आजहि पाळावा लागतो. आधीं हा गुन्हा शाबीत व्हावा. मग मागचा हिशेब काढावा. एवढा विवेक जर पुढें सर्वत्र पाळला गेला असता तर हा लेख लिहिण्याचें कारण उरलें नसतें.

३

तो विवेक सोडला गेला १८७१ सालीं. त्या वर्षीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. ज्या देशांत सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, त्या देशांत चोराचा मुलगा चोरच होणार, अशी त्यामागची विचारसरणी होती. आरंभीं उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ सालीं नव्यानें होऊन मुंबई इलाख्यालाहि लागू झाला, आणि १९२४ सालीं त्याचें एकत्रीकरण झालें. जमात एकदां जाहीर झाली कीं, तींतील माणसांचीं नांवें व बोटांचे ठसे नोंदले जात. ठरल्या वेळीं पाटलाकडे वा चौकीवर हजेरी द्यावी लागे. गांव सोडावयाचें तर परवाना लागे. सोलापूर, हुबळी, विजापूर इत्यादि ठिकाणीं तारेच्या कुंपणांच्या वसाहती झाल्या.

हजेरीची व कुंपणांची गोष्ट अनेकांनीं लिहिली आहे. ह्या कायद्याचें २३ वें कलम मात्र फारसें कोणी वाचीत नाहीं, आणि आमच्या विषयाला तेंच सर्वांत जवळचें आहे. नोंदलेल्या जमातीच्या माणसाला कायद्याच्या परिशिष्टांतील एखाद्या गुन्ह्याबद्दल एकदां शिक्षा झाली असेल, आणि तो पुन्हां तशाच गुन्ह्यांत दोषी ठरला, तर दुसऱ्या खेपेस कमींत कमी सात वर्षें कैद, आणि तिसऱ्या खेपेस जन्मठेपीचें काळें पाणी! न्यायाधीशाला ह्याहून कमी शिक्षा द्यावयाची असेल तर त्यानें विशेष कारणें निकालपत्रांत नमूद करावीं, एवढीच काय ती सवलत.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानानें १९९४ सालीं ‘तिसऱ्या गुन्ह्यास जन्मठेप’ असा कायदा केला, तेव्हां तो मोठा नवा शोध म्हणून जगभर गाजला. वस्तुतः त्याच्या सत्तर वर्षें आधीं तो शोध आमच्याकडे लागून चुकला होता. फरक इतकाच कीं, आमच्याकडे तो जातीला चिकटविला होता. एकाच दरोड्यांत सांपडलेले दोन इसम एकाच पिंजऱ्यांत उभे आहेत, दोघांनाहि पूर्वीं दोन दोन शिक्षा झालेल्या आहेत, अशी कल्पना करा. एकाची शिक्षा न्यायाधीश त्याच्या कृत्याकडे पाहून ठरवी. दुसऱ्याची शिक्षा तो कोणाच्या पोटीं जन्मला ह्यावरून आधींच ठरलेली असे.

येथें एक घरगुती प्रसंग सांगण्याची वाचकांनीं परवानगी द्यावी. प्राध्यापकाच्या पेशांत रोज वर्गाची हजेरी घ्यावी लागते, आणि तो शब्द आम्ही दिवसांतून चार वेळां निर्धास्तपणें उच्चारतों. कांहीं वर्षांपूर्वीं पारधी कुटुंबांतील एक विद्यार्थी माझ्या वर्गांत होता. एकदां तो म्हणाला, “सर, माझ्या आजीपुढें मी ‘हजेरी’ म्हणत नाहीं. कॉलेजांत नांव पुकारतात, असें सांगतों. तो शब्द ऐकला कीं ती अजून उठून उभी राहते.” मीं त्याला कांहीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं हजेरीपट उघडतांना मात्र माझा हात क्षणभर अडला.

आपल्याकडे हा प्रकार परक्या राज्यामुळें झाला, असें म्हणून मोकळें होणेंहि बरोबर नाहीं. कारण ज्या देशांत राज्य स्वकीयांचें होतें तेथेंहि सराईताच्या भीतीनें असेच अतिरेक झाले. फ्रान्सनें १८८५ सालीं कायदा करून वारंवार शिक्षा झालेल्यांना जन्मभर गियाना व न्यू कॅलेडोनिया येथें धाडण्यास आरंभ केला. इंग्लंडनें १९०८ सालीं सराईतांना नेहमींची शिक्षा संपल्यावर आणखी पांच ते दहा वर्षें स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद केली. तिच्या जाळ्यांत कोण सांपडलें? डार्टमूरच्या तुरुंगांत मेंढ्या राखणारा डेव्हिड डेव्हिस नांवाचा एक म्हातारा. चर्चमधील दानपेटींतून दोन शिलिंग चोरल्याबद्दल त्याला तीन वर्षें सक्तमजुरी, आणि वर दहा वर्षें स्थानबद्धता! १९१० सालीं गृहमंत्री असलेल्या चर्चिलनें त्याची भेट घेतली, आणि पुढें ह्या तरतुदीच्या वापराला लगाम घातला. कॅलिफोर्नियांतहि तीन गोल्फच्या काठ्या चोरणाऱ्याला तिसरा गुन्हा म्हणून पंचवीस वर्षें ते जन्मठेप अशी शिक्षा झाली, आणि २००३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. अखेर २०१२ सालीं तेथल्या मतदारांनींच कायदा सौम्य करून, तिसरा गुन्हा सामान्यतः गंभीर वा हिंसक असला पाहिजे, अशी अट घातली. नवी मुंबई असो कीं न्यू कॅलेडोनिया, जाळें वाघासाठीं विणावें आणि त्यांत ससे अडकावे, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

४

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आमच्या राज्यकर्त्यांना ह्या कायद्याची लाज वाटूं लागली होती. मुंबई सरकारनें १९४७ सालीं सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा केला, आणि १९४९ सालीं जमातींचा कायदा इलाख्यांतून काढून टाकला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो सबंध देशांतून रद्द झाला, आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. त्यानंतर आला मुंबईचा १९५९ सालचा सराईत गुन्हेगार कायदा. त्याची व्याख्या जन्मावर उभी नाहीं, ही मोठीच सुधारणा होय. सलग पांच वर्षांच्या काळांत निदान तीन वेळां ज्याला कैदेची शिक्षा झाली, तो सराईत. जन्माच्या जागीं संख्या आली.

संख्या निःपक्षपाती असते असें आपण समजतों. पण कैदेच्या तीन शिक्षा कोणाला होतात, हें जरा खालच्या न्यायालयांत बसून पाहावें. किरकोळ चोरीच्या संशयावरून धरलेला गरीब मनुष्य जामीनदार मिळत नाहीं म्हणून महिना दोन महिने कोठडींत राहतो. मग ‘गुन्हा कबूल कर, भोगली तेवढीच शिक्षा होईल, आजच सुटशील’ असा सल्ला त्याला मिळतो. आणि तो कबूल करतो. त्याच्या दृष्टीनें तो सुटला. दप्तराच्या दृष्टीनें त्याच्या नांवावर एक शिक्षा चढली. पुढल्या खेपेस चोरी झाली कीं पोलिस प्रथम त्याच्याच दारीं जातात, कारण त्याचें नांव यादींत आहे. उलट, हातांत तलवार घेऊन गल्ली वेठीस धरणाराविरुद्ध साक्ष द्यावयास कोणी धजत नाहीं. दिलेली साक्ष न्यायालयांत फिरते. वकील चांगला असतो. त्याच्यावर खटले दहा, शिक्षा शून्य! तेव्हां शिक्षांची संख्या ही हिंसेची मोजणी नव्हे. ती बव्हंशीं पोलिसांच्या हातीं लागण्याची आणि वकील न मिळण्याची मोजणी आहे.

सरकारलाहि हें कळत होतें असें दिसतें. शिक्षा होत नाहीं असा गुंड आवरण्यासाठीं त्यानें शिक्षेला वळसा घालणारे मार्ग काढले. १९५१ च्या पोलिस कायद्याखालचा तडीपारीचा हुकूम नाशिककरांना वर्तमानपत्रांतून पाठ झाला आहे. मनुष्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढतां येतें, म्हणजे त्याचा उपद्रव शेजारच्या जिल्ह्याकडे सोंपवितां येतो. १९८१ च्या कायद्यानें झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले व धोकादायक व्यक्ति ह्यांना खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याची सत्ता दिली. १९९९ च्या संघटित गुन्हेगारी कायद्यानें मागील दहा वर्षांतील एकाहून अधिक आरोपपत्रें हाच आधार धरला. शिक्षांच्या ऐवजीं आरोपपत्रें मोजूं लागल्यावर मोठे मासे जाळ्यांत आले, हें मान्य केलें पाहिजे. पण न्यायालयाचें काम पोलिसांच्या कागदाकडे सरकलें, हेंहि तितकेंच खरें.

५

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. शिक्षा किती सांगितली ही एक गोष्ट; प्रत्यक्ष किती भोगली ही दुसरी. ह्या दोहोंतील अंतर हाच लोकांच्या रोषाचा मुख्य विषय आहे, आणि आरंभीं उल्लेखिलेला नाशिकरोडचा अर्ज ह्याच अंतराविषयीं होता.

जन्मठेप म्हणजे ठराविक वर्षें, ही समजूत जुनी आहे. कलेक्टर जॅक्सन ह्यांच्या नाशकांतील खुनानंतर १९१०-११ सालच्या दोन खटल्यांत विनायक दामोदर सावरकर ह्यांना दोन जन्मठेपी झाल्या, आणि त्यांचा हिशेब ५० वर्षें असा करण्यांत आला. म्हणजे सरकारच्या लेखीं एक जन्म २५ वर्षांचा होता. लोकांत पुढें हा आंकडा वीस, मग चौदा असा उतरत गेला. गांधीहत्येच्या कटांत १९४९ सालीं जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे १९५० च्या मे महिन्यांत नाशिकरोडच्या तुरुंगांत आले. प्रत्यक्ष भोगलेल्या वर्षांत चांगली वर्तणूक, कवायत, वाचन-लेखन इत्यादींबद्दल व सरकारी माफीबद्दल मिळालेली जवळजवळ आठ वर्षांची सूट मिळवून, आपलीं वीस वर्षें भरलीं, असें त्यांचें म्हणणें होतें. दंडविधानाच्या ५७ व्या कलमांत जन्मठेप वीस वर्षांबरोबर धरावी असें आहेच, हा त्यांचा आधार.

१२ जानेवारी १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अर्ज फेटाळला. न्यायमूर्ति सुब्बा राव ह्यांच्या निकालपत्राचा सारांश असा कीं, वीस वर्षांचा हिशेब केवळ शिक्षेचे अपूर्णांक काढण्यासाठीं आहे. जन्मठेप म्हणजे कैद्याचें उरलेलें सारें नैसर्गिक आयुष्य. सूट साठली म्हणून सुटण्याचा हक्क उत्पन्न होत नाहीं. सोडावयाचें कीं नाहीं हें योग्य त्या सरकारनें ठरवावें. अर्जदाराविषयीं प्रस्तुत लेखकाला यत्किंचितहि आस्था नाहीं. परंतु कायद्याचे मोठे सिद्धान्त पुष्कळदां नावडत्या माणसांच्या खटल्यांतूनच निघतात. विचित्र योग असा कीं, पुढें १९६४ सालीं सरकारनें त्यांना सोडलेंच! शब्दाचा अर्थ न्यायालयानें ‘आमरण’ ठरविला, आणि किल्ली सरकारच्या कमरेला राहिली.

ही किल्ली कोणी कशी फिरवावी, ह्यावर पुढील सारा इतिहास घडला. कांहीं ठिकाणीं खुनी आठ-दहा वर्षांत बाहेर येऊं लागले, तेव्हां संसदेनें १९७८ सालीं फौजदारी संहितेंत ‘४३३-अ’ हें कलम घातलें: ज्या गुन्ह्यास फांशीहि होऊं शकली असती, त्याबद्दल जन्मठेप झालेल्याला निदान चौदा वर्षें प्रत्यक्ष आंत काढल्याशिवाय सोडूं नये. कैद्यांनीं त्याविरुद्ध दाद मागितली. १९८० सालीं मारुराम खटल्यांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर ह्यांच्यासारख्या दयाशील न्यायाधीशानेंहि तें वैध ठरविलें. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आणखी पुढें पाऊल टाकलें. फांशी जास्त वाटते आणि चौदा वर्षें कमी वाटतात, अशा प्रकरणीं वीस, तीस वर्षें अगर आमरण, सूट न देतां, असा काळ निकालपत्रांतच लिहिण्याचा मार्ग त्यानें काढला; आणि २०१५ सालीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें तो अधिकार उच्च व सर्वोच्च न्यायालयांपुरता मान्य केला. मुदत वाढविण्याच्या सर्व प्रयत्नांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो. येथें जात नाहीं, यादी नाहीं. एक कृत्य आहे, एक मनुष्य आहे, आणि उघड्या न्यायालयांत कारणांसह सांगितलेला काळ आहे.

६

हिंसक पुनरपराध्याविषयींचें अगदीं थेट कलम आमच्याकडे फार उशिरां, २०१३ सालीं, आलें. दिल्लींतील अत्याचारानंतर झालेल्या दुरुस्तीनें, बलात्काराबद्दल पूर्वीं दोषी ठरलेल्या मनुष्यानें पुन्हां तोच गुन्हा केल्यास आमरण कैद किंवा फांशी, अशी तरतूद झाली. तिची पहिली कसोटी महाराष्ट्रांतच लागली. मुंबईंतील शक्ति मिलच्या ओसाड आवारांत २०१३ च्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत दोन स्त्रियांवर सामूहिक अत्याचार झाले. तीन आरोपी दोन्ही प्रकरणांत होते. दोन्ही खटले बरोबरीनें चालले. एकांतील दोषनिश्चिति हाच दुसऱ्यांतील ‘पूर्वींचा’ दोष धरून एप्रिल २०१४ मध्यें तिघांना फांशी झाली. मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ सालीं कलम वैध ठरविलें. पण २५ नोव्हेंबर २०२१ रोजीं फांशी रद्द करून, पॅरोल वा फर्लो न देतां आमरण कैद, अशी शिक्षा कायम केली.

त्या तिघांच्या कृत्याविषयीं दोन मतें संभवत नाहींत. तरी एक प्रश्न उरतो. वाढीव शिक्षेचा सारा नैतिक पाया असा कीं, मनुष्याला एकदां शिक्षेनें बजावलें, तरी तो ऐकत नाहीं. बजावणें झालेंच नसेल, तर दोन गुन्हे दोन होतात. पण तो ‘पुनरपराध’ होतो काय? शेवटीं दिलेली शिक्षा मला योग्य वाटते, ती गुन्ह्याच्या घोरपणामुळें. ‘पुन्हां’ ह्या शब्दाच्या ताणलेल्या अर्थामुळें नव्हे.

जुन्या यादीचें भूतहि अजून पुरतें उतरलेलें नाहीं. मुंबईच्या एका पत्रकार स्त्रीच्या अर्जावर ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांतील जातिभेदाच्या नियमांना घटनाबाह्य ठरविलें. कांहीं राज्यांच्या तुरुंगनियमांत ‘सराईत’ शब्दाच्या आडून विमुक्त जमातींनाच जन्मजात गुन्हेगार धरलें जात होतें, हें त्या वेळीं उघड झालें. सराईतांचे कायदे आज ठेवावेत काय, ह्याचाहि राज्यांनीं विचार करावा, असें न्यायालयाला सुचवावें लागलें. कायदा रद्द झाल्यास बहात्तर वर्षें लोटल्यावर!

७

मग ह्या हिशेबाचें तात्पर्य काय? हिंसेच्या बळींना धीर देऊं नये, असें तर कोणी म्हणणार नाहीं. शिक्षा वाढवूंच नये, असेंहि माझें म्हणणें नाहीं. म्हणणें एवढेंच कीं, काळ वाढविण्याची सत्ता वापरण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, वाढ माणसाच्या कृत्यावर असावी, जन्मावर किंवा नुसत्या संख्येवर नसावी. आणि कृत्य मोजतांना नाण्यापेक्षां शरीराला अधिक किंमत असावी. १३ व्या कलमाची कक्षा तपासण्याची वेळ केव्हांच होऊन गेली आहे. दुसरी, ती न्यायालयानें उघडपणें, कारणांसह करावी. चौकीच्या यादीनें नव्हे. तिसरी, जो काळ सांगितला तो खरा असावा. शिक्षेच्या दिवशींच पीडिताच्या घराला आणि कैद्याच्या घराला सारखेंच स्पष्ट कळावें कीं, इतकीं वर्षें हा मनुष्य बाहेर येणार नाहीं, आणि त्यानंतर त्याच्या सुटकेचा विचार अमुक रीतीनें होईल. आज दोन्ही घरें अंधारांत असतात. एक भीतीनें, एक आशेनें.

आणि ह्या सर्वांच्याहि आधींची एक गोष्ट आहे. २०२२ अखेरच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांतील तुरुंगांत असलेल्या माणसांपैकीं सुमारे तीनचतुर्थांश कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांच्या खटल्यांचा निकालच लागलेला नव्हता. शिक्षेच्या लांबीवर आपण वाद घालतों, तो उरलेल्या चौथ्या हिश्श्याविषयीं. गुंडाला भय वाटतें तें वीस वर्षांऐवजीं तीस वर्षें होतील ह्याचें नव्हे. साक्षीदार टिकेल आणि निकाल लागेल ह्याचें. साक्षीदाराला संरक्षण आणि खटल्याला वेग देण्याचें काम खर्चाचें आहे, कष्टाचें आहे. कलमांतील आंकडा वाढविण्यास शाई पुरते. म्हणूनच कदाचित् दीडशें वर्षें आपण आंकडेच वाढवीत आलों.

नाशिकरोडच्या त्या रस्त्यानें जातांना हल्लीं माझ्या मनांत दोन माणसें असतात. एक, ज्या घरांतील लेक गेली तें घर चालविणारा कोणी बाप. त्याला न्यायालयाचा शब्द खरा व्हावयास हवा आहे. दुसरी, ‘हजेरी’ म्हटल्यावर उठून उभी राहणारी ती म्हातारी. तिला कायद्यानें आपल्या नातवाकडे त्याच्या स्वतःच्या कृत्यावरून पाहावयास हवें आहे. ह्या दोघांचीं मागणीं एकमेकांविरुद्ध आहेत असें आपल्याला उगाच वाटतें. दोघेहि एकच गोष्ट मागत आहेत: ज्यानें केलें त्यालाच, आणि जितकें केलें तितकेंच.